राक्षसी भोपळ्याचं परागीभवन: कुठलं फूल, कुठला पराग, कुठली सकाळ

अटलांटिक जायंट जातीचा भोपळा पहिल्यांदा लावणाऱ्याला परागीभवन हे एकच काम वाटतं. नर फूल तोडायचं, मादी फुलावर फिरवायचं, झालं. खरं तर त्या सकाळी दोन वेगवेगळे निर्णय होतात. पहिला यंदाच्या फळाचा: वेलीवरचं कुठलं मादी फूल ठेवायचं, कोणत्या तारखेला, आणि पराग पुरेसा पोचला का. दुसरा पुढच्या हंगामाच्या बियांचा: हा पराग कुठल्या वेलीचा घ्यायचा. या दोन्हींची गल्लत झाली की नवखा माणूस नेमकी चुकीची काळजी करत बसतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. भोपळ्याची साल आणि गर, म्हणजे काट्यावर मोजलं जाणारं जवळजवळ सगळं वजन, मादी फुलाच्या तळाशी असलेल्या गोळ्यापासून वाढतं. ते सगळं आईचं अंग आहे. बापाचा वाटा फक्त आतल्या बियांमध्ये असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या नामांकित वेलीचा पराग मिळाला नाही म्हणून तुमचं यंदाचं फळ लहान राहणार नाही, आणि तो मिळाला म्हणून मोठंही होणार नाही. यंदाचं वजन ठरतं ते आईच्या बीवर, मातीवर, पाण्यावर, पानांवर, आणि फळ कधी व कुठे धरलं यावर. बापाची निवड पुढच्या वर्षी उगवते.

तरीही बाप निवडायला इतकं महत्त्व आलं त्याला कारण आहे. ही जात कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करत घडवली. १९८१ साली त्यांचा ४९३.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २२४ किलोचा भोपळा जगात सर्वांत जड ठरला होता. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या स्पर्धेत पहिला आलेला भोपळा सुमारे १,२४७ किलोचा होता. खतं आणि मशागत सुधारली हे खरंच, पण यातला मोठा भाग परसात भोपळे लावणाऱ्या हौशी लोकांनी केलेल्या निवडीचा आहे. प्रत्येक फळाची आई कोण आणि बाप कोण, हे त्यांनी लिहून ठेवलं.

तारीख आणि अंतर

खाली दिलेल्या तारखा उत्तर अमेरिका आणि युरोपच्या थंड भागांसाठी आहेत, कारण हे पीक मुळात तिथल्या लांब दिवसांचं आणि गार रात्रींचं आहे. न्यू जर्सी, टोरांटो किंवा इंग्लंडमध्ये परसात वेल लावणाऱ्या आपल्या मंडळींना त्या जवळजवळ तशाच लागू पडतील.

बी साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात घरात कुंडीत रुजवतात आणि मे महिन्यात रोप आच्छादनाखाली जमिनीत जातं. आधी नर फुलं येतात, एकामागून एक, आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ. नुसती नर फुलंच दिसतात म्हणून घाबरू नका. मादी कळ्या त्यानंतर येतात. वजनाच्या स्पर्धा बहुतेक ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतात. २५ जूनला परागीभवन झालं तर ५ ऑक्टोबरपर्यंत १०२ दिवस मिळतात, १० जुलैला झालं तर ८७. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. फळाची सर्वांत जोरदार वाढ परागीभवनानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, आणि चांगली वेल त्या दिवसांत रोज १५ ते २० किलो भरते. ते दिवस जुलै-ऑगस्टच्या उन्हात आले पाहिजेत, सप्टेंबरच्या गारठ्यात नव्हे.

म्हणून जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा हा काळ धरा.

पण तारखेच्या मागे लागून बुंध्याजवळचं फूल धरू नका. मुख्य वेलीवर दीड-दोन मीटरवर येणारी पहिली मादी कळी खूप मोह घालते. ती खुडून टाका. तिथे फळ धरलं तर मागे पानं कमी असतात, वेलीची सगळी ताकद त्या फळाकडे वळते आणि वेल स्वतः वाढायची थांबते. शिवाय ऑगस्टमध्ये ते फळ बुंध्यावर रेलतं आणि बाजूच्या बगलफुटी मोडतं. मुख्य वेलीवर बुंध्यापासून ३ ते ४.५ मीटर हा पट्टा उत्तम. बगलफुटीवरचं फळ नवख्याने धरूच नये. मुख्य वेल मोडली असेल तर गोष्ट वेगळी.

या पट्ट्यात लागोपाठ येणाऱ्या दोन किंवा तीन मादी फुलांचं परागीभवन करायचं आणि त्यातलं एकच फळ शेवटी ठेवायचं. पहिलं लागलं म्हणून दुसरं सोडून देऊ नका. दहा दिवसांनी पहिलं गळलं तर हातात काहीच उरत नाही.

फूल उमलायच्या आधी वेल वळवा

हे काम बहुतेक जण विसरतात आणि जुलैच्या शेवटी देठ तडकला की आठवतं. मादी कळी शेंड्याजवळ मटाराएवढी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत आठवडा ते दहा दिवस मिळतात. तेवढ्यात त्या जागी मुख्य वेलीला हलकासा बाक द्यायचा, असा की फळ बाकाच्या बाहेरच्या बाजूला येईल. फळ फुगलं की त्याचे खांदे मागे वेलीकडे सरकतात. बाक असेल तर वेल आणि फळाचे खांदे यांच्यात जागा राहते. वेल सरळ असेल तर फळ तिलाच ढकलतं आणि देठ ताणून तुटतो.

वेल दुपारी उन्हाने सैल पडलेली असते, तेव्हाच वळवा. सकाळी ती पाण्याने ताठ असते आणि काकडीसारखी कटकन मोडते. एका दिवसात चार-पाच सेंटिमीटरच्या वर सरकवू नका, आणि सरकवल्यावर बांबूच्या दोन काड्या फुलीसारख्या रोवून ती तिथे अडकवा. फळाच्या दोन्ही बाजूंच्या एक-दोन पेरांना जमिनीत मुळं सुटली असतील तर ती कापून टाका. फळ उंच वाढतं तशी वेलही वर उचलली गेली पाहिजे. मुळांनी ती जमिनीला जखडून ठेवली तर पुन्हा ताण देठावरच येतो.

कळी निवडताना देठाकडे नीट बघा. लांब देठ आणि वेलीशी जवळपास काटकोन, हे दोन्ही असेल तर ती पहिली पसंती. आखूड देठाचं, वेलीला चिकटून असलेलं फळ पुढे डोकेदुखी होतं.

आदल्या संध्याकाळची तयारी

ओळख सोपी आहे. नर फूल लांब, बारीक दांड्यावर उभं असतं. मादी फुलाचा दांडा आखूड आणि जाड, आणि पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढा किंवा थोडा मोठा गुळगुळीत गोळा. पाकळ्यांच्या आत पिवळ्या कुक्षीच्या फुगीर पाळ्या असतात, कुठे तीन, कुठे चार, कुठे पाच. जास्त पाळ्यांचं फळ जास्त मोठं होतं असं अनेक जण मानतात आणि चार-पाच पाळ्यांची फुलं शोधतात. दोन फुलं बाकी सगळ्या बाबतीत सारखी असतील तर चार-पाच पाळ्यांचं घ्यायला हरकत नाही. मात्र पाळ्यांसाठी चांगल्या जागेवरचं, लांब देठाचं फूल सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी कळतं. परवा उमलणाऱ्या कळीच्या पाकळ्या हिरवट आणि घट्ट पिळलेल्या असतात. उद्याच्या कळीचा टोकाकडचा रंग पिवळा-केशरी झालेला असतो आणि पीळ किंचित सैल झालेला दिसतो. अशी मादी कळी दिसली की तिच्यावर बारीक जाळीची पिशवी, जुन्या मलमलीचा तुकडा किंवा मिठाईच्या डब्यातली नेटची पुरचुंडी घाला आणि खाली सैलसर बांधा. मधमाश्या उजाडताच येतात आणि तुमच्या आधी पोचतात. पिशवी नसेल तर बाप कोण, हे खात्रीने सांगता येणार नाही.

नर फुलांचंही तेच. उद्याच्या चार-पाच नर कळ्या लांब दांड्यासकट संध्याकाळी तोडा, पेलाभर पाण्यात ठेवा आणि घरात न्या. सकाळी त्या पेल्यातच उमलतील, आणि मधमाशी किंवा भुंगेऱ्यांनी त्यांच्यात दुसरा पराग आणून टाकलेला नसेल. वेलीवरच ठेवायच्या असतील तर त्यांनाही जाळी बांधा.

घरी गच्चीवर दुधीचं हाताने परागीभवन केलेल्यांसाठी एक इशारा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून तिथे हे काम तिन्हीसांजेला करायचं असतं. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. एकदा मिटलं की ते परत उघडत नाही. दुधीची सवय इथे लावलीत तर ते मादी फूल वाया गेलं.

ती सकाळ

उजाडल्यापासून साधारण दहा वाजेपर्यंत वेळ असतो. उन्हाळा कडक असेल तर आठच्या आत उरकलेलं बरं.

१. हात धुऊन कोरडे करा. दोन वेगवेगळ्या वेलींवर काम असेल तर मध्ये पुन्हा धुवा. बोटावर राहिलेला पराग दुसऱ्या वेलीवर जातो.

२. नर फुलाच्या मधल्या दांड्याला बोट लावून बघा. पिवळी पूड बोटावर चिकटली पाहिजे. दांडा ओला, लकाकता आणि पूड सुटत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबा. तरीही सुटली नाही तर ते फूल टाका.

३. नर फुलाच्या पाकळ्या खुडून टाका. हातात राहतो तो दांड्यावरचा पिवळा ब्रश.

४. मादी फुलाची जाळी काढा आणि उमललेल्या पाकळ्या फाटू न देता एका हाताने बाजूला धरा.

५. ब्रश कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर हलक्या हाताने फिरवा, वरून आणि पाळ्यांच्या मधल्या खाचांतूनही. घासू नका, कुक्षी सोलली जाते. एका मादी फुलाला तीन-चार नर फुलं वापरा, आणि दर वेळी वेगळ्या पाळीपासून सुरुवात करा.

६. पाकळ्या वर गोळा करून दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने मिटवा आणि जाळी परत घाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढली तरी चालेल.

७. फुलाशेजारी काडी रोवा आणि तिला पट्टी बांधा: तारीख, वेळ, आई, बाप. हा शून्यावा दिवस. पुढची सगळी मोजणी इथून सुरू होते.

तीन-चार नर फुलं का लागतात? प्रत्येक बी तयार व्हायला एक परागकण कुक्षीतून खाली पोचावा लागतो, आणि अशा शेकडो बिया असतात. वाढणाऱ्या बियाच वेलीला सांगतात की इथे अन्न पाठव. एका पाळीवर पराग पडलाच नाही तर तिच्या खालच्या भागात बिया कमी भरतात. मग फळ एका बाजूला चेपलेलं वाढतं किंवा आठवड्यात पिवळं पडून गळतं. आईच्या वजनात बापाचे गुण येत नाहीत हे खरं, पण परागाचं प्रमाण मात्र फळाला लागतं. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत.

ऊन आणि पाऊस

परागीभवनाच्या दिवशी पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर फळधारणा बिघडते. पराग निर्जीव होतो, कुक्षी सुकते, आणि पराग पडला तरी आत उतरत नाही. सकाळी फूल उरकल्यावर त्यावर पांढऱ्या चादरीची किंवा शेडनेटची सावली करा. चादर फळाला टेकता कामा नये, वारा खेळला पाहिजे. काही जण फळाशेजारी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात आणि वर थर्मोकोलचा पेटारा उपडा घालतात, वेल बाहेर जायला कडेला खाच कापून. ही मेहनत वाया जात नाही. सलग दोन-तीन दिवस उष्ण लाट असेल तर कळी उमलायच्या आदल्या दिवसापासूनच सावली हवी, कारण पराग तयार होतानाच उन्हाने खराब होतो. अशा वेळी घरात पेल्यात उमललेली नर फुलं वेलीवरच्यांपेक्षा जास्त भरवशाची ठरतात.

पावसाचं कारण वेगळं. परागकण पाण्यात भिजला की फुगून फुटतो. आदल्या रात्री पावसाचा रंग दिसला तर मादी कळीवर छत्री किंवा उपडा प्लास्टिकचा डबा ठेवा, खालून हवा जाईल असा. सकाळी काम झाल्यावर दुपारपर्यंत तो तसाच राहू द्या. फुलाच्या वाटीत पाणी साचलं असेल तर त्या फुलावर नर फुलं खर्च करू नका. पुढच्या मादी कळीची वाट बघा.

पहिले पंधरा दिवस

पाचव्या-सहाव्या दिवशी सुकलेल्या पाकळ्या आपोआप सुटत नसतील तर अलगद काढून टाका. ओल्या पाकळ्या फळाच्या टोकाला चिकटून राहिल्या तर तिथे बुरशी बसते.

लागलेलं फळ चौथ्या-पाचव्या दिवशी चकचकीत दिसतं, रोज मोठं होतं आणि आठवडा-दहा दिवसांत वजनाने खाली झुकायला लागतं. न लागलेलं फळ निस्तेज होतं, पिवळं पडतं आणि टोकाकडून आकसतं. गळण्याची कारणं बहुतेक वेळा हीच: कडक ऊन, अपुरा पराग, भिजलेलं फूल, नत्राचा मारा झाल्याने वेल नुसती पानंच काढत असणं, किंवा त्याच वेलीवर आधी धरलेलं दुसरं फळ सगळं अन्न ओढून घेत असणं. शेवटचं कारण सर्वांत फसवं आहे. बगलफुटीवर पानाआड मधमाश्यांनी लावलेलं एखादं फळ तुम्हाला दिसलेलंच नसतं. परागीभवनाच्या आठवड्यात रोज सगळ्या बगलफुटी उलगडून बघा आणि नको असलेल्या मादी कळ्या खुडा.

दोन-तीन फळं लागली की दहाव्या दिवसापासून रोज एकाच वेळी, एकाच जागी दोरीने घेर मोजा. ज्याचा घेर रोज जास्त सेंटिमीटरने वाढतो ते ठेवा. फक्त आज कोण मोठं आहे ते बघू नका. दोन दिवस आधी लागलेलं फळ मोठंच दिसणार. दोघांची तुलना करायची तर दहाव्या दिवसाची दहाव्या दिवसाशी करा. वाढ सारखी असेल तर देठ, काटकोन आणि सम आकार बघून निवडा. सतरा-अठराव्या दिवसापर्यंत एकच फळ ठेवायचं. बाकीची कापताना हात थरथरतो, पण दोन फळं ठेवून दोन्ही मध्यमच राहतात.

पराग कुणाचा

आता दुसरा निर्णय. चार मार्ग आहेत.

पहिला, स्वपरागीभवन: त्याच वेलीचं नर फूल त्याच वेलीच्या मादी फुलावर. एकच वेल असेल तर मुद्दाम करता येण्याजोगा हा एकमेव मार्ग, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. काकडीवर्गीय पिकांना जवळच्या संकराचा त्रास मक्याइतका होत नाही. आईचे गुण पुढच्या पिढीत जास्त एकसारखे उतरतात, चांगले तसे वाईटही. आईचं बी जातिवंत असेल तर नवख्याने हाच मार्ग घ्यावा. बियांची वंशावळ स्पष्ट राहते आणि काम एका वेलीत उरकतं.

दुसरा, भावंडांचा संकर: एकाच फळातल्या दोन बियांपासून उगवलेल्या दोन वेली. तो स्वपरागीभवनाच्या जवळ जातो, थोडी विविधता राखून.

तिसरा, ठरवून केलेला परसंकर: वेगळ्या वंशाची दोन झाडं. इथे खरा विचार लागतो, आणि तो पुढे आहेच.

चौथा, खुलं परागीभवन, म्हणजे मधमाश्यांवर सोडणं. नुसतं मोठं फळ हवं असेल तर यात काही चूक नाही, मधमाश्या काम चोख करतात. पण मग तारीख अंदाजे राहते, आणि बियांचा बाप अज्ञात म्हणून त्यांना अभ्यासू लोकांत मागणी नसते.

बियांची नावं वाचायला शिका. आधी पौंडातलं वजन, मग लावणाऱ्याचं आडनाव, मग वर्ष. पुढे आई आणि बाप यांच्यामध्ये फुली. क्रम नेहमी आई आधी, बाप नंतर. नवखे इथे हमखास फसतात. ‘२००९ वॉलेस’ हे नाव वाचून ते २००९ सालचं बी समजतात. तिथे २००९ हे वजन आहे. रोड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत आणलेला तो भोपळा, २,००० पौंड ओलांडणारा पहिला.

परसंकरासाठी बाप निवडताना वजनाचा आकडा एकटा बघू नका. मोठ्या वजनामागे उत्तम जमीन आणि अनुभवी हात असू शकतात. ज्या बीपासून वेगवेगळ्या लोकांच्या, वेगवेगळ्या हवामानातल्या बागांत मोठी फळं आली ते खरं चांगलं बी. दुसरं, मापाच्या अंदाजाच्या तुलनेत फळ किती भरलं ते बघा. आडवा घेर, एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतचं माप, आणि देठाकडून टोकाकडे तसंच माप, या तिन्हींची बेरीज तक्त्यात बघून अंदाजे वजन काढतात. तक्त्यापेक्षा प्रत्यक्ष जड निघणाऱ्या फळाची भिंत जाड असते. तुमची आई मोठी पण पातळ भिंतीची असेल तर बाप भरीव वंशाचा घ्या. तिसरं, दोष जुळू देऊ नका. आईच्या वंशात देठापाशी चिरा पडत असतील तर बाप लांब, लवचीक देठाचा हवा. आतल्या पोकळीपर्यंत चीर गेलेलं फळ स्पर्धेतून बाद होतं, वजन कितीही असो.

रंगाचाही विचार करा. हिरवी, निळसर किंवा राखाडी फळं स्पर्धेत भोपळा म्हणून न मोजता स्क्वॉश म्हणून वेगळ्या गटात मोजतात. गडद केशरी रंग हवा असेल तर केशरी वंशाचा बाप घ्या. सर्वांत देखण्या भोपळ्याला हॉवर्ड डिल यांच्या नावाचं पारितोषिक असतं, पण नुसत्या वजनामागे लागल्यावर बरेच वंश फिकट झाले आहेत.

काही वेलींचा पराग कधीच घेऊ नये. वेल पट्टीसारखी चपटी होऊन एकाच जागी गुच्छाने फुलं काढत असेल तर ती टाळा. पानांवर मोझॅकसारखे पिवळे-हिरवे ठिपके आणि सुरकुत्या असतील तर विषाणूची शंका घ्या आणि त्या वेलीचं फूल सोडाच, चाकूसुद्धा इकडे आणू नका.

शेजारची वेल कोणाशी जुळते

अटलांटिक जायंट ही कुकुर्बिटा मॅक्झिमा या प्रजातीची. हबर्ड, बटरकप, काबोचा हे याच प्रजातीचे, त्यामुळे मधमाशीने त्यांचा पराग आणला तर संकर होतोच. झुकिनी आणि हॅलोविनला कोरतात ते नेहमीचे भोपळे पेपो प्रजातीचे. ते शेजारी असले तरी चिंता नाही. आपल्याकडचा लाल भोपळा बहुतेक मोश्चाटा, त्याचाही मॅक्झिमाशी सहज जोड जमत नाही. मात्र बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सूर्यमुखी ही जात मॅक्झिमा आहे, तिच्याशी जमेल. त्याच संस्थेची अर्का चंदन मोश्चाटा आहे.

जात माहीत नसेल तर देठ बघा. मॅक्झिमाचा देठ गोल, जाडजूड आणि बुचासारखा मऊसर. मोश्चाटाचा टणक, पाच धारांचा, फळाला चिकटतो तिथे पसरट. पेपोचाही टणक आणि धारदार, पण पसरट नाही, आणि पानं हाताला टोचतात.

नोंद आणि बिया

वहीत प्रत्येक परागीभवनाची एक ओळ: तारीख, वेळ, सकाळचं आणि दुपारचं तापमान, बुंध्यापासून अंतर, पाळ्या किती, आई, बाप, जाळी होती की नाही, आणि पुढे फळ लागलं की गळलं. जाळी नव्हती तर बापाच्या जागी प्रामाणिकपणे ‘खुलं’ लिहा. खोटी वंशावळ दहा लोकांच्या पुढच्या हंगामाचं नुकसान करते.

फळ कापल्यावर बिया हाताने सोडवून धुवा आणि जाळीवर एकेरी थरात पसरून पंख्याखाली सुकवा. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नका. बी वाकवल्यावर न लवता कट्‌कन मोडेपर्यंत सुकलं पाहिजे, नाहीतर डब्यात बुरशी येते. वाळल्यावर प्रत्येक भरीव बीवर वजन आणि आडनाव बारीक पेनाने लिहा, पोकळ बिया टाकून द्या, आणि कागदी पाकिटावर काडीवरच्या पट्टीतली ओळ जशीच्या तशी उतरवून पाकीट कोरड्या, गार जागी ठेवा.